कानातला ठेका

ड्रायव्हरचे पाय पहिल्यांदा अडले ते स्वतःच्याच न्हाणीघराच्या दारात. टॉवेल खांद्यावर टाकून निघालेला माणूस दारापाशी आला आणि खिळा ठोकल्यासारखा उभाच राहिला. बायकोला वाटलं, काहीतरी विसरले असतील. बराच वेळ झाला तरी हालचाल नाही, तेव्हा तिनं विचारलं, "अहो, काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "पाय उचलत नाहीये." जणू शेजाऱ्याच्या पायाबद्दल सांगत होता.

पुढे दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी कंपवात असं नाव सांगितलं. ड्रायव्हरला ते पटेना. हात थोडेसेच थरथरत होते. कंप म्हणावा असा कंप होता कुठे? डॉक्टर म्हणाले, हा आजार प्रत्येकाला वेगळ्या दारानं भेटायला येतो, तुमच्याकडे पायांच्या दारानं आलाय. दार आलं, वळण आलं, समोरून माणूस आला, की मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. गोळ्या घ्या, आणि काही झालं तरी चालणं सोडू नका.

चालणं सोडू नका, हे त्याला सांगायची पाळी यावी! उभं आयुष्य त्यानं लांब पल्ल्याची बस चालवली होती. संध्याकाळी निघायचं, दुसऱ्या गावी पोचायचं, तिकडून परत यायचं. घरी असला की झोपलेला. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी गल्लीत त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. घर, लेकीची शाळा, तिची आजारपणं, शेवटी तिचं लग्न, हे सगळं बायकोनं एकटीच्या बळावर निभावलं, तेही नोकरी सांभाळून. ती एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणघरात होती. पडदे, चादरी, रुग्णांचे सैल अंगरखे, फाटलं ते शिवायचं आणि नवं बेतायचं. गळ्यात नाडीला बांधलेली कात्री कायम लटकत असायची, म्हणून तिथं तिला कात्रीताई हेच नाव पडलं होतं. घरी आल्यावरही पुष्कळदा ती कात्री उतरवायला विसरायची आणि मग ड्रायव्हर म्हणायचा, "आता माझे कान कापणार वाटतं."

मोजायची युक्ती तिला अचानक सापडली. दवाखान्याच्या लिफ्टसमोर ड्रायव्हर अडला. मागे माणसं खोळंबली, कुणीतरी उसासा टाकला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. काय करावं ते सुचेना म्हणून लहानपणी शाळेत कवायत करताना म्हणायचे तसं ती त्याच्या कानाशी पुटपुटली, "एक, दोन. एक, दोन." आणि दोनवर त्याचा पाय उचलला. अगदी सहज, जणू मधे काही झालंच नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी ती त्याला फिरायला नेऊ लागली. कोपर धरायचं आणि मोजायचं. घरापासून गोदामाच्या लांब भिंतीपर्यंत, भिंतीच्या टोकाला वळून बागेच्या फाटकापर्यंत, आणि परत. गल्लीतली माणसं आधी बघायची, मग हसून हात करायची, मग बघेनाशी झाली. समोरच्या घरातला म्हातारा तेवढा रोज म्हणायचा, "पलटण निघाली." ड्रायव्हर त्याला सलाम ठोकायचा.

त्यासाठी तिनं शिवणघरातली वेळ दुपारची करून घेतली. त्यामुळे संध्याकाळी घरी यायला उशीर, स्वयंपाकाला उशीर, झोपायला उशीर. सकाळी घसा बसलेला. शिवणघरात तिच्या शेजारी काजं करणारी बाई बसायची, ती एकदा म्हणाली, "कात्रीताई, कापड कापताना तोंडानं काय मंत्र म्हणतेस?" तेव्हा हिच्या लक्षात आलं, की कात्री चालवतानाही ती एक-दोन करतेय. भांडी घासतानाही करायची, जिना चढतानाही. झोप लागायच्या आधी तर डोक्यात तेच चालू असायचं. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. आजारी माणसाच्या बायकोनं आपण दमलो म्हणायचं म्हणजे लोकांना वाटणार, हिला तो जड झाला.

फिजिओथेरपीची डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिनं एक दिवस दोघांना लांब खोलीत चालायला सांगितलं आणि स्वतः भिंतीला टेकून बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, आता तुम्ही बाजूला थांबा." मोबाईल काढून तिनं काहीतरी लावलं. टक, टक, टक, टक असा लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज सुरू झाला. "काका, प्रत्येक टकला एक पाऊल. चला."

ड्रायव्हर चालला. खोलीच्या टोकाला वळला. वळताना थोडा डगमगला, पण अडला नाही. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शाळेच्या पोरासारखं हसू होतं.

"काकू, राग मानू नका," डॉक्टर म्हणाली, "तुमचं मोजणं चांगलंच आहे, त्याच्यावरच काका इथपर्यंत आलेत. पण तुम्ही दमलात की ते मंद होतं. आणि काका अडणार असं दिसलं, की तुम्ही घाबरता, मोजणं एकदम वाढतं. त्यांचे पाय तेवढ्या घाईत उचलत नाहीत. मग तोल जातो. ठोक्याचं तसं नसतं, तो घाबरत नाही."

कात्रीताईच्या काळजात चर्र झालं. म्हणजे गेल्या महिन्यात भिंतीच्या वळणावर ते दोनदा गुडघ्यावर आले, ते आपल्या मोजण्यामुळे? आपण सावरतोय असं वाटत होतं, आणि पाडत होतो आपणच? पण त्या दुखण्याच्या खालीच दुसरं काहीतरी हललं. खांद्यावरचं गाठोडं कुणीतरी मागून हळूच उचलल्यासारखं. तिनं घाईघाईनं मान खाली घातली. डॉक्टर सांगत होती, "हा ठोका तुमच्या मोबाईलमध्ये घालून देते. इअरफोन घ्या. कानात आत बसणारे, वायरवाले घ्या. स्वतः लावून, चालून बघून घ्या; घरबसल्या मागवू नका. आणि रस्त्यावर एकाच कानात घाला, दुसरा कान मोकळा हवा."

"हॉर्न ऐकू आला पाहिजे," ड्रायव्हर म्हणाला.

"अगदी बरोबर."

दुकान चौकापलीकडे होतं. अरुंद, लांबट, दोन्ही भिंतींवर डबे टांगलेले. काउंटरमागे एक सडसडीत तरुणी होती. व्यायामासाठी इअरफोन म्हटल्यावर तिनं लगेच बिनवायरचे दोन छोटे मणी पुढे केले. ड्रायव्हरनं त्यातला एक उचलायचा प्रयत्न केला. अंगठा आणि बोट यांच्या मधून तो मणी दोनदा निसटला आणि तिसऱ्यांदा काउंटरखाली गडगडत गेला. ती मुलगी वाकून शोधायला लागली. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "पोरी, मला दोरीवालेच दे. पडले तरी गळ्यात लोंबत राहतील. माझं आता सगळंच सुटतंय, निदान हे तरी बांधलेलं असू दे."

मुलगी वर आली ती त्याच्या हाताकडे बघतच. मग तिचा बोलण्याचा सूर बदलला. "मी रोज सकाळी धावते, काका. मीसुद्धा वायरवालेच वापरते. घामानं निसटतात, तेव्हा बिनवायरचे कुठल्या गटारात शोधू?"

तिनं काउंटरवर चार-पाच मांडले. पहिल्याचं रबरी टोक इतकं घट्ट बसलं की ड्रायव्हर दोन पावलं टाकून थांबला. "डोक्यात कुणीतरी धप्प धप्प उड्या मारतंय."

"तुमचीच पावलं ती. कान पूर्ण बंद झाला की स्वतःचं चालणं आत घुमतं. थोडं लहान टोक लावू."

लहान टोक उजव्या कानात बसलं, डाव्यातून गळून पडलं. "दोन्ही कान एका मापाचे नसतात," मुलगी म्हणाली. कात्रीताईला ते ठाऊक होतं. बाह्यांचं माप घेताना दोन हातही कधी सारखे भरत नाहीत. दुसऱ्या जोडीची वायर जाड होती, शर्टाच्या कॉलरला घासली की कानात खर्रकन आवाज यायचा आणि त्यात ठोका बुडायचा. तिसऱ्याची वायर मऊ होती आणि ती कानाच्या मागून फिरवून घ्यायची होती. कानावर अडकणारा एक वाकडा आकडा होता. मुलीनं स्वतःच्या कानावर घालून दाखवलं. "अशी मागून घेतली, की ओढ कानावर बसते, आतल्या टोकावर नाही. घासल्याचा आवाजही येत नाही."

कात्रीताईनं सवयीनं हात पुढे केला. ड्रायव्हर म्हणाला, "थांब. मला लावू दे."

आकडा कानामागे अडकवायला त्याला फार वेळ लागला. तो एकदा केसात अडकला, एकदा चष्म्याच्या दांडीत. मागे एक गिऱ्हाईक आलं, घड्याळ बघून निघून गेलं. ती मुलगी काउंटर पुसत राहिली, पुसून झालेला काउंटर पुन्हा पुसत राहिली. कात्रीताईनं दोन्ही हात पिशवीच्या बंदात गुंतवून ठेवले. शेवटी आकडा बसला. ड्रायव्हरनं मोबाईलच्या भोकात वायरचं टोक खुपसलं, ठोका लावला, आणि दाराकडे निघाला.

दुकानाच्या दाराला पितळी पट्टी होती आणि पलीकडे एक पायरी. अशी जागा त्याच्या पायांची वैरीणच. कात्रीताईच्या ओठांवर "एक" आलं होतं, ते तिनं गिळलं. ड्रायव्हर दारात क्षणभर थबकला, पुढे झुकला आणि बाहेर गेला. काचेतून तो फुटपाथवर दिसत होता, मग खांबाआड गेला, मग दिसेनासा झाला.

ती एकटी उभी होती. कुणाचंही कोपर तिच्या हातात नव्हतं. किती दिवसांनी, ते तिला आठवेना. तिनं श्वास सोडला आणि तो सोडताना तिचे खांदे असे खाली आले की तिलाच आश्चर्य वाटलं. तेवढ्यात ड्रायव्हर काचेपलीकडे परत आला. हसत होता. तिला बघून त्याचं हसू हळूहळू विझलं.

त्यानं तेच इअरफोन घेतले. आवाज त्या सगळ्यात काही सर्वात चांगला नव्हता, पण स्वतःच्या हातानं लावता येत होते. मुलीनं दोन मापांची टोकं वेगवेगळ्या पुडीत घालून दिली.  घर जवळ आल्यावर म्हणाला, "मोकळी झालीस एकदाची."

"काहीतरीच काय बोलता?"

"दिसलं मला काचेतून."

दुसऱ्या दिवसापासून इअरफोन कपाटाच्या खणात पडले. ड्रायव्हर म्हणायचा, कान दुखतो. कधी म्हणायचा, मोबाईल चार्ज नाही. एकदा म्हणाला, "बायको असताना कानात बूच घालून फिरायचं, लोक काय म्हणतील?" ती कोपर धरून पुन्हा मोजू लागली. पण आता ते पूर्वीसारखं जमेना. स्वतःचा आवाज तिला ऐकू यायला लागला होता. आता मंद झाला का? आता घाई होतेय का? ती स्वतःला ओढून धरायची, मधेच थांबायची, पुन्हा सुरू करायची. त्यालाही ते कळत होतं आणि तोही हट्टाला पेटल्यासारखा चालत होता.

गोदामाच्या वळणावर एका सकाळी समोरून हातगाडी आली. तिनं भराभर मोजलं. त्याचे पाय जागेवर राहिले आणि बाकीचं अंग पुढे गेलं. ती धरायला गेली, तिच्या हातात शर्टाची बाही तेवढी आली. हातगाडीवाल्यानं धावत येऊन त्याला बसतं केलं. कोपर सोलवटलं होतं, तळहातात खडी रुतली होती. "लागलं नाही फारसं," ड्रायव्हर म्हणत होता, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

घरी आणून तिनं त्याला खुर्चीत बसवलं, पाणी कोमट केलं आणि जखम पुसायला घेतली. पुसता पुसता ती बोलायला लागली. मान वर न करता.

"खरं सांगू? त्या दिवशी दुकानात मला आनंद झाला. तुम्ही एकटे चाललात म्हणून तर झालाच. पण त्याच्या आधी दुसरा झाला. उद्यापासून मला मोजायला नको, याचा. तो आधी झाला."

"दिसलं होतं मला."

"दिसू दे. तुम्ही दोन-दोन दिवस गाडीवर असायचात. मी कधी विचारलं नाही, कुठं आहात, कधी येणार. लेक तापानं फणफणली तरी डेपोत निरोप पाठवला नाही. त्याचा जाब मला आज मागायचा नाही. मलाच तेव्हा तसं बरं वाटायचं, सगळं आपल्याला जमतं म्हणून. पण आता मला रोज सकाळी थोडा वेळ हवाय, ज्यात मी कुणाच्या पायांकडे बघत नसेन. तुमच्याही नाही."

बोलून झाल्यावर तिनं कापड पुन्हा पाण्यात बुडवून पिळलं. शब्द तर आता बाहेर पडले होते. ड्रायव्हर खिडकीकडे बघत होता. तिला वाटलं, आता हा माणूस आठवडाभर बोलणार नाही.

"तुला वाटत असेल," तो म्हणाला, "मला राबवून घ्यायची सवय लागलीय म्हणून अडून बसलोय."

"मी तसं म्हटलं नाही."

"ऐक. गाडीवर होतो तेव्हा मला घरातलं काही कळायचं नाही. यायचो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असायचं. ताप उतरलेला, भांडण मिटलेलं. तू म्हणायचीस, काही विशेष नाही. आता तू मोजतेस ना, त्यात मला कळतं. आज हिची झोप झालेली नाही. आज कंबर धरलीय. आज शिवणघरात कुणाशी तरी वाजलंय. तुझ्या एक-दोनमध्ये सगळं ऐकू येतं मला. त्या यंत्रात काय ऐकू येणार? टक, टक. त्याला काय कंबर आहे?"

तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. ओल्या कापडानं तिनं स्वतःचंच तोंड पुसलं.

"मग विचारा ना. झोप झाली का, कंबर दुखते का, विचारा. तोंड आहे ना तुम्हाला?"

"विचारायची सवय नाही," ड्रायव्हर म्हणाला.

 तिनं कोपरावर पट्टी बांधली. दुपारी कामावर निघताना तिला दिसलं, कपाटाचा खण उघडा होता आणि इअरफोन टेबलावर होते, वायरचा गुंता झालेला. ड्रायव्हर थरथरत्या बोटांनी तो गुंता सोडवत होता. तिनं मदत केली नाही. पायात चपला सरकवल्या आणि गेली.

संध्याकाळी आल्यावर मात्र तिनं त्याचा स्वेटर मांडीवर घेतला आणि आतल्या बाजूनं, मानेपासून खिशापर्यंत, कापडाचे छोटे छोटे बंद शिवले. वायर त्यातून ओवली की लोंबणार नाही, एकटं चालताना घ्यायच्या काठीत अडकणार नाही. शेवटचा बंद कॉलरपाशी थोडा सैल ठेवला, मोकळ्या कानाची बाजू त्यात खोचायला. ड्रायव्हर बघत होता. "झोप झाली होती का काल?" त्यानं विचारलं. परीक्षेत उत्तर द्यावं तसं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आज होईल."

जखमेवर खपली धरल्यावर तो एकटा निघाला. दार उघडून तिनं बाजूला होऊन वाट दिली. घराच्या फाटकापर्यंत तो नीट गेला. समोरचा म्हातारा ओरडला, "आज पलटण अर्धीच?" ड्रायव्हरनं सलाम ठोकला नाही, कारण दोन्ही हात तोल सांभाळण्यात गुंतले होते. ती खिडकीत उभी राहिली. तो वळणाआड गेला तरी उभी राहिली. मग तिला स्वतःचाच राग आला. हा वेळ आपण भांडून मिळवला, तो खिडकीत घालवायचा? पण करायचं काय, हे तिला सुचेना. चहा घेऊन झाला होता. केर काढावासा वाटेना. ती पलंगावर नुसती टेकली, आणि टेकली ती झोपलीच.

जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. घरात शांतता. "अहो!" तिनं हाक मारली. न्हाणीघर रिकामं, काठी जागेवर नाही. पायात मिळतील त्या चपला घालून ती धावली. गोदामाच्या वळणावर कुणी नव्हतं. बागेच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "ते ना? वायरवाले? केव्हाच सरळ पुढे गेले." पुढे म्हणजे मोठा रस्ता. तिला नको नको ते दिसायला लागलं. कानात टकटक, मागून गाडी, हॉर्न ऐकूच आला नाही... झोपलीस, ती स्वतःला म्हणत होती, झोपलीस तू.

तो बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडला. बाकावर बसला होता, एक इअरफोन कानात, दुसरा कॉलरच्या बंदात खोचलेला, काठी दोन गुडघ्यांच्या मधे. समोर गाड्या वळून लागत होत्या आणि तो त्यांच्या चाकांकडे बघत होता.

"काय हे?" तिला धाप लागली होती. "मी इकडे जिवाचं रान करतेय!"

त्यानं तिच्याकडे बघितलं. "गालावर उशीचा वळ आहे."

"झोपले होते मी."

"मग बरं झालं लांब आलो."

ती धपकन बाकावर बसली.  थोड्या वेळानं तो सांगायला लागला. "भिंतीचं वळण आलं, तेव्हा मला घाम फुटला. वाटलं, आता अडलो. अडलो नाही. मग म्हटलं, पुढचं वळण बघू. बागेच्या फाटकापाशी परत फिरायला हवं होतं, पण परत फिरायचं म्हणजे गोल वळायचं. सरळ जाणं सोपं वाटलं. असं करत करत इथवर आलो. आता मात्र पाय संपलेत."

परत बसनं जायचं ठरलं. गाडी लागली. पहिली पायरी उंच होती. ड्रायव्हर दांड्याला धरून उभा राहिला आणि तिथंच थिजला. मागे रांग होती. एक बाई कडेवरचं मूल सावरत होती, कुणीतरी "चला हो" म्हणालं. कात्रीताईच्या तोंडात एक-दोन अगदी तयार होतं. आयुष्यात इतकं जड काही तिनं तोंडात धरलं नव्हतं. ती मागे वळली आणि रांगेला म्हणाली, "थांबा जरा. येतंय त्यांना."

ड्रायव्हरनं डोळे मिटले. त्याची मान ठोक्याबरोबर किंचित हलत होती. एक गेला, दुसरा गेला, मग कुठल्यातरी ठोक्यावर पाय वर आला. स्टिअरिंगवरच्या तरुणानं आरशातून बघितलं आणि ते दोघं टेकेपर्यंत गाडी सोडली नाही. इतक्या वर्षांत ड्रायव्हर बसमध्ये प्रवाशासारखा बसलेला तिनं पहिल्यांदाच बघितला. तो खिडकीशी बसला आणि सगळी वाट बोलत होता. "हा गियर उशिरा टाकतोय. बघ, आता दणका बसेल." दणका बसला.

त्यानंतर तो रोज एकटा जाऊ लागला. शेवटच्या थांब्यापर्यंत नाही, बागेपर्यंत. फिजिओ डॉक्टरनं मधे ठोका थोडा कमी केला, मग पुन्हा थोडा वाढवला. पडला तो आणखी एकदा, पण हलकं. पहिला पूर्ण महिना ती त्या वेळात नुसती झोपली. मग झोप भरून निघाली असावी, ती लवकर उठायला लागली, आणि तो उजवीकडे गेला की ती डावीकडे, कालव्याच्या बाजूला जाऊ लागली. कशासाठी असं काही नव्हतं.

आणि एक गोष्ट झाली, जी दोघांपैकी कुणी ठरवली नव्हती. परत आल्यावर तो सांगायला लागला. बागेतल्या बाकाला रंग दिलाय, ओला आहे, एकजण बसला आणि उठला तो पट्टेरी होऊन. गोदामाची एक खिडकी फुटलीय. मग तीही सांगायची, कालव्यावर आज काय दिसलं. एवढी वर्षं तो हजारो मैलांची वाट तुडवून आला होता आणि विचारलं तर म्हणायचा, रस्ता होता तसाच होता. आता बागेपर्यंत जाऊन त्याला चहा थंड होईपर्यंत पुरेल एवढं सांगायला असायचं. काजं करणारी बाई म्हणाली, "कात्रीताई, हल्ली मंत्र बंद झाले तुझे." तिनं मान डोलावली. कधी बंद झाले, ते तिलाही सांगता आलं नसतं.

असे दोन हिवाळे गेले. इअरफोनची वायर टोकापाशी तुटली, तेव्हा त्यानं स्वतः दुकानात जाऊन तसलेच दुसरे आणले. पण आजार थांबला नव्हता. ठोका चालू असायचा आणि पाय उठायचे नाहीत. आधी वळणावर, मग सरळ रस्त्यावरही. एका सकाळी घराच्या फाटकातूनच परत आला आणि आकडा कानामागून काढत म्हणाला, "ऐकू येतंय गं. पाय ऐकत नाहीत." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सांत्वनाचं काही बोलली नाही, तो काही लहान नव्हता.

चाकाची खुर्ची आली. ती सेवानिवृत्त झाली. लेक येऊन-जाऊन राहायची. दिवसा मदतीला एक बाई ठेवली. ड्रायव्हरचा आवाजही बारीक होत गेला, ओठांशी कान नेल्याशिवाय कळत नसे. तिला वाटलं, आता आपण बाहेर जायला नको. पण सकाळी बाई आली, की तो बोटानं दाराकडे खूण करायचा. ती रेंगाळली तर चिडायचा. "जा," म्हणायचा. एवढा एक शब्द मात्र लांबूनही ऐकू यायचा.

मग ती जायची, आता उजवीकडे, त्याच्या वाटेनं. आणि परत आल्यावर खुर्चीजवळ बसून सांगायची. शेवटच्या हिवाळ्यात एकदा ती आली आणि म्हणाली, "बागेच्या कोपऱ्यावरचं ते मोठं झाड तोडलं हो. रस्ता रुंद करतायत. नुसता बुंधा उरलाय."

ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत राहिला. तिला वाटलं, उगाच सांगितलं, निदान एवढं तरी लपवायचं होतं. मग त्याचे ओठ हलले. तिनं कान जवळ नेला.

"मग तिथं आता सकाळी ऊन येत असेल," तो म्हणाला.

तिनं आठवून बघितलं. बुंध्याभोवती फुटपाथ कोरडा आणि उजळ होता, एक मांजर पाय पसरून पडलं होतं.

"येतं," ती म्हणाली. "चांगलं लांबपर्यंत येतं."

त्यानं मान हलवली. बाईनं चहा आणून ठेवला होता. तिनं तो बशीत ओतला, फुंकर घातली, आणि त्याच्या ओठांशी धरला.